फट

नातेला, तू सांगितलंस तसंच सगळं करतोय.
रात्री साडेनऊला आरशासमोर तेक्ले आणि मी.
तिच्या हातात ब्रश, माझ्या हातात टॉर्च,
गॅरेजमधलाच, बॉनेटखाली धरतो तो.
आधी तारेच्या वरून, ब्रश तिरका धरून,
मग तारेच्या खालून,
मग तो बारका ब्रश, बाटल्या धुवायच्या ब्रशाचं पिल्लू,
एकेका चौकोनाच्या कडेकडेने.
तिला घाई असते. मला नसते.
कार्ब्युरेटर साफ करण्यात जन्म गेलाय माझा,
कुठल्या सांदीत काय अडकतं ते मला विचार.
काल पालक निघाला.

शोतीचं ते कडक, करपलेलं टोक,
बेकरीपासून घरी येईतो तुम्ही दोघी जे संपवायचात,
ते आता मी एकटा खातो, तिच्याकडे पाठ करून.
सफरचंदाच्या पातळ फोडी करतो.
मक्याचे दाणे सुरीने सोडवून देतो.
तुझ्या भावाने पाठवलेल्या चुर्चखेला
स्वयंपाकघरात खिळ्याला टांगल्यात, सहा.
आत अक्रोड, बाहेर चिकट,
दोन्ही गुन्हे एकाच दोऱ्यात ओवलेले.
तेक्ले जाता-येता नुसता वास घ्यायची.
एके दिवशी पाचच उरल्या,
आणि डावीकडचं एक ब्रॅकेट
तारेवर वॉशरसारखं गरगर फिरायला लागलं.
मी काही बोललो नाही.
इरमा डॉक्टर बोलल्या, भरपूर,
आणि चिकटवायचे चाळीस लारी घेतले.
हे तुला कळवलं नव्हतं.

मागच्या रविवारी रात्री तारेचं टोक गालात रुतलं.
दवाखाना बंद. पोरगी उशीत तोंड खुपसून.
मी पक्कड आणली.
कुताइसीतल्या निम्म्या गाड्यांच्या तारा
या पकडीने कापल्यात.
दिव्याखाली धरली, पाहिली,
तिच्या खोबणीतलं काळं ग्रीस पाहिलं,
आणि परत डब्यात टाकली.
कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावली.
डॉक्टरांनी दिलेल्या मेणाची गोळी
वाटाण्याएवढी मळली, आणि तीच म्हणाली,
‘द्या, मी लावते, तुमची बोटं जाड आहेत.’
सोमवारी सकाळी आठला आम्ही दारात उभे.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
तू तर तिकडे बारीत, सिन्योरा नुनत्सियाची कवळी
रोज रात्री ग्लासात घासून ठेवतेस,
आणि त्या पैशांतून इथे
आपल्या मुलीच्या एकेका दाताला लगाम बसतो.
मला याचा हिशेब लावता येत नाही.
मी फक्त टॉर्च धरतो.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली.
तारा बसवायच्या आदल्या दिवशी
तेक्ले गॅरेजमध्ये आली. म्हणाली, ‘बाबा, मोजा.’
स्पार्क प्लगची फट मोजायच्या पात्या
गरम पाण्यात धुतल्या, पुसल्या,
एकीवर एक ठेवत गेलो.
समोरच्या दोन दातांत, एक पूर्णांक सात मिलिमीटर.
भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय.
आता शून्य पूर्णांक चारची पातीसुद्धा अडते.
डॉक्टर खूश आहेत. तेक्लेही खूश आहे,
आता हसताना तोंडावर हात नेत नाही.
मीही खूश आहे, असं समज.
पण प्लगची फट अगदी मिटवली
तर ठिणगी पडत नाही, हे मला कोणी विसरायला लावू नये.

तुझी फट मी कधी मोजली नाही.
तिच्यातून तू गच्चीवरून शिट्टी घालायचीस
आणि मी चार गल्ल्या पलीकडे पाना खाली ठेवायचो.
तेक्लेलाही जमायची, तशीच, तुझीच.
काल फोनवर तिने तुला करून दाखवायला घेतली,
नुसती हवा आली, आणि थोडी थुंकी.
तुम्ही दोघी हसलात.
मग तू, सिन्योरा झोपलीय म्हणून, अगदी हळू,
एकदाच घातलीस.

अंगणातला म्हातारा कुत्रा उठला
आणि फाटकापर्यंत जाऊन उभा राहिला.